ट्रान्सड्यूसरची कापलेली केबल: जोड कुठे फसतो

केबल कापली गेली की हात पहिल्यांदा पक्कड आणि इन्सुलेशन टेपकडे जातो. दोन टोकं पिळायची, वर टेप गुंडाळायची. दिव्याच्या वायरला हे चालतं. फिश फाइंडरला, म्हणजे ध्वनीने तळ आणि मासे दाखवणाऱ्या बोटीवरच्या यंत्राला, का चालत नाही, ते आधी पाहू.

ट्रान्सड्यूसर म्हणजे या यंत्राचा पाण्यात ध्वनी सोडणारा आणि परत ऐकणारा भाग. त्याच्या पोटात सिरॅमिकचा स्फटिक असतो. यंत्र त्याला काहीशे व्होल्टचा झटका देतं, तो थरथरतो आणि ध्वनी खाली जातो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर. तळ ३० मीटरवर असेल तर प्रतिध्वनी ४० मिलिसेकंदांत परत येतो आणि तोच स्फटिक त्याची पुन्हा वीज करतो. ही परतीची वीज मात्र अतिशय क्षीण, मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याइतकी. जाणारा झटका आणि येणारी कुजबुज, दोन्ही त्याच दोन तारांतून. त्यामुळे जोडात थोडी ओल शिरली किंवा तारांभोवतीचं, बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं शिल्ड तुटकं राहिलं, तर यंत्र चालू दिसतं, झटकाही जातो, पण कुजबुज हरवते.

आता कापलेल्या केबलचं टोक हातात घेऊन बघा. बाहेरचं जाड आवरण काढलं की पिळाची एक जोडी दिसते. तिच्याभोवती चमकदार फॉइल किंवा तारांची जाळी आणि त्याला लागून एक उघडी तार, हे शिल्ड. शेजारच्या बारीक तारा पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या. वेग मोजणारं चाक असेल तर आणखी तारा असतात. रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून रंगांवर भिस्त ठेवू नका. कापण्याआधी दोन्ही टोकांचा फोटो काढा. साइड स्कॅनच्या, म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंचं चित्र दाखवणाऱ्या ट्रान्सड्यूसरच्या, केबलमध्ये वेगळ्या शिल्डच्या अनेक जोड्या कोंबलेल्या असतात. ती जोडण्याच्या फंदात पडू नये, ट्रान्सड्यूसरच बदलावा.

यंत्र बंद करून प्लग काढा, मग केबलची जखम तपासा. टोकाचं तांबं पाहा: पाणी शिरलं असेल तर ते आवरणाच्या कडेशी हिरवट, त्याच्या आत काळपट दिसतं. पाणी जखमेपाशी थांबत नाही. बारीक तारांच्या मधल्या फटींतून ते वातीतल्या तेलासारखं चढत जातं. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही आणि धरल्यासारखं वाटलं तरी जोड काही आठवड्यांत सुटतो. म्हणून दोन-दोन सेंटिमीटर कापत, लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे जायचं. हात आखडता घेतल्यानेच बहुतेक जोड फसतात. ३० सेंटिमीटर कापूनही तांबं काळंच असेल, किंवा जखम पाण्याखाली ट्रान्सड्यूसरला चिकटूनच असेल, तर थांबा. तिथे दुरुस्ती टिकत नाही. केबलची लांबी थोडी घटली तर फरक पडत नाही, पण मध्ये मिळेल ती वायर घालून ती वाढवू नका. स्फटिक आणि यंत्र यांचा मेळ केबलच्या कपॅसिटन्सवरही, म्हणजे तारांच्या वीज साठवण्याच्या गुणावरही, अवलंबून असतो.

जोडणीची सुरुवात नळ्यांपासून. आतून गोंद असलेली, तापवल्यावर एकतृतीयांशापर्यंत आकसणारी हीट श्रिंक नळी घ्या: बाहेरच्यासाठी १५ सेंटिमीटरचा तुकडा, प्रत्येक तारेसाठी ३ सेंटिमीटरचा. त्या आधीच केबलवर सरकवून दूर ठेवा. डाग देऊन झाल्यावर नळी घालायची राहिली हे लक्षात येणं ही नेहमीची चूक आहे, आणि मग सगळं पुन्हा कापावं लागतं.

तारा एकाच जागी जोडू नका. प्रत्येक जोड शेजारच्यापासून दोन सेंटिमीटर पुढे-मागे घ्या. मग गाठ जाड होत नाही आणि एखादी नळी फाटली तरी दोन जोड एकमेकांना भिडत नाहीत. टोकं समोरासमोर ठेवून एकमेकांवर पिळा आणि रोझिन कोअरचं, म्हणजे आत राळेचा फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारा पदार्थ) असलेलं, सोल्डर वापरा. आम्लयुक्त फ्लक्स तांबं आतून खातो. तार तापवून तिच्यावर सोल्डर वितळू द्या, आयर्नवर वितळवून थेंब टाकू नका. पिळाची जोडी शक्य तितकी पिळातच ठेवा.

शिल्डचा कंटाळा करू नका. उघड्या तारा जोडा, त्यांच्यावर नळी चढवा, आणि पिळाच्या जोडीभोवती तांब्याची फॉइल पट्टी गुंडाळून दोन्ही बाजूंच्या शिल्डला भिडवा. तिची कड सिग्नलच्या तारेला शिवता कामा नये.

बाहेरची नळी तापवण्याआधी मल्टिमीटर लावा. प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हवी, सिग्नल आणि शिल्ड यांच्यात काहीच जोडणी दिसता कामा नये. तापमानाच्या सेन्सरचा रोध बऱ्याच ट्रान्सड्यूसरमध्ये २५ अंशांना १० किलोओहम असतो, पाणी गार असेल तर जास्त. तो फारच कमी भरला तर कुठेतरी ओल आहे. पडद्यावर तापमानाचे आकडे उड्या मारू लागणं ही ओलीची पहिली खूण असते.

मग दोन्हीकडचं आवरण पॉलिश पेपरने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकू द्या आणि नळी दोन्ही बाजूंना किमान ४ सेंटिमीटर आवरणावर येईल अशी बसवा. हीट गन मध्यापासून कडांकडे न्या, म्हणजे हवा बाहेर पडते. लायटर नको, त्याने आवरण करपतं. दोन्ही कडांना गोंदाची बारीक कडी उमटली की सील झालं.

नुसतं आवरण सोललं असेल आणि तारा शाबूत असतील तर कापूच नका. जागा कोरडी करून स्वतःलाच चिकटणारी रबर टेप दुप्पट ताणून, अर्धी-अर्धी चढवत गुंडाळा.

जोड पाण्याच्या पातळीच्या वर, सुक्या जागी ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना क्लिप लावा. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक झालेली असते आणि हादऱ्यांनी ती तिथेच तुटते. इंजिनच्या आणि व्हीएचएफ रेडिओच्या (बोटीवरच्या संपर्काच्या) वायरींबरोबर या केबलचा गठ्ठा बांधू नका.

शेवटची तपासणी पाण्यात, बोट उभी करून. इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून हळूहळू फेरे वाढवा. पडद्यावरच्या उभ्या तुटक रेघा फेऱ्यांबरोबर वाढल्या तर शिल्ड किंवा केबलचा मार्ग पुन्हा तपासा. न्यूट्रलमध्ये पडदा स्वच्छ आणि बोट पळू लागल्यावरच तळ हरवत असेल, तर ट्रान्सड्यूसरखालून बुडबुडे जात असण्याची शक्यता मोठी. तेव्हा आधी त्याची उंची आणि कोन बदलून पाहा, जोड उघडू नका.