ऋतू हाताळणारी बालवाडी

श्रोतेहो, नमस्कार.

बालवाडीत ऋतू शिकवायचा म्हटलं की आधी भिंत सजते. पावसाळ्यात निळ्या कागदाचे थेंब, थंडीत चिकटवलेला कापूस, उन्हाळ्यात पिवळा गोल आणि त्याचे किरण. थेंब ताईंनीच कापलेले असतात, मुलं फक्त गोंद लावतात. भिंत छान दिसते, पण पाऊस म्हणजे थेंब हे तीन-चार वर्षांच्या मुलाला आधीच माहीत असतं. आज कालच्यापेक्षा जास्त पडला की कमी, हे त्याला माहीत नसतं, आणि ते शोधायला त्याला मनापासून आवडतं. म्हणून आज बोलायचं आहे ते पाऊस, ऊन आणि थंडी मुलांच्या हाती कशी द्यायची याविषयी.

सुरुवातीला दोन गोष्टी. ऋतूचा उपक्रम एका दिवसात उरकू नये. रोज दहा-पंधरा मिनिटं, पण निदान दोन आठवडे, असा तो चालायला हवा, कारण ऋतू म्हणजेच बदल आणि बदल एका दिवसात दिसत नाही. दुसरं म्हणजे एका वेळी पाच-सहाच मुलं घ्यावीत. पंचवीस मुलांचा गोल केला तर पुढची तीन मुलं हात लावतात आणि बाकीची एकमेकांना ढकलतात. गट पाडा, बाकीच्यांना खेळू द्या, उद्या त्यांची पाळी.

पावसाळ्यात पाऊस मोजायचा. एक लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्या. तिच्या भिंती सरळ हव्यात; मधे कंबर असलेली किंवा खोल वळ्या पाडलेली बाटली चालत नाही, कारण अरुंद भागात पाणी उगाच उंच चढतं. मान जिथून निमुळती व्हायला लागते तिथे मोठ्या माणसाने बाटली कापावी आणि दोन्ही कडांना चिकटपट्टी लावावी, कारण कापलेलं प्लॅस्टिक बोट चिरतं. पुढचं सगळं मुलांचं. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून आधी मुलांनी त्यात खडे भरायचे. वजनामुळे बाटली कलंडतही नाही. मग खडे बुडून पाणी सरळ भिंतीपर्यंत येईल इतकं पाणी ओतायचं आणि त्या पातळीवर न पुसणाऱ्या पेनाने रेघ मारायची. ही शून्याची रेघ. कापलेला वरचा भाग झाकण काढून उलटा आत बसवला की नरसाळं तयार. त्याने पानं अडतात आणि पाणी उन्हाने कमी उडतं.

बाटली ठेवायची जागा नीट निवडा. पागोळ्यांखाली किंवा झाडाखाली ती ठेवली तर छपराचं आणि पानांचं पाणी मोजलं जातं. भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर ठेवता आली तर उत्तम. वाऱ्याने पडू नये म्हणून वाळूच्या बादलीत खुपसा. तोंड जमिनीपासून वीतभर तरी वर हवं, नाहीतर उडालेला चिखल आत जातो.

आता मोजायचं कसं? चार वर्षांच्या मुलाला मिलिमीटर वाचता येत नाहीत आणि त्याची गरजही नाही. दोन बोटं रुंद कागदाची पट्टी घ्यायची, तिचं खालचं टोक शून्याच्या रेघेवर टेकवायचं, पाणी जिथे आहे तिथे खूण करायची. तेवढा भाग निळा रंगवून कापायचा आणि मोठ्या कागदावर, एका आडव्या रेघेवर उभा चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरी पट्टी. आठवड्याभरात मुलांनी स्वतः केलेला आलेख भिंतीवर उभा राहतो. भिंत सजवायचीच असेल तर ती अशी सजवा. पाऊस न पडलेल्या दिवसाची जागा मात्र रिकामी सोडा. मुलं ती भरून टाकायला बघतात. पण शून्य दिसायला हवं असेल तर ती रिकामी जागाच दाखवते.

रोज एकाच वेळी मोजा. बाटलीकडे जायच्या आधी प्रत्येकाला विचारा, ‘आज पाणी कुठपर्यंत असेल? बोटाने दाखव.’ अंदाज आधी आणि बघणं नंतर, हा क्रम उलटला की मुलं फक्त ताईंचं उत्तर पाठ करतात. मोजून झालं की जास्तीचं पाणी ओतून पातळी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणायची. कोरड्या दिवशी पाणी रेघेच्या खाली गेलेलं असतं, तेव्हा भर घालायची. ही पायरी हमखास राहते आणि मग पुढचे सगळे आकडे चुकतात. ताईंसाठी एवढं पुरे की तोंड आणि बाटली सारख्याच रुंदीची असेल तर एक सेंटिमीटर चढलेलं पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. सुट्टी लागण्याआधी बाटली पूर्ण रिकामी करा. उबदार हवेत साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा पुरतो.

पाऊस थांबून ऊन पडलं की फरशीवरच्या डबक्याभोवती खडूने रेघ ओढायची, तासाने पुन्हा ओढायची. आतल्या आत लहान होत जाणाऱ्या रेघा मुलं मोजतात. हे सिमेंटवर किंवा फरशीवरच करा. मातीत पाणी मुरतंही आणि उडतंही, मग नेमकं काय झालं हे मोठ्यांनाही सांगता येत नाही.

बी रुजवणं सगळ्या बालवाड्यांत होतं, आणि बहुतेक ठिकाणी ते कापसात, वाटीत होतं. त्यात मूळ दिसत नाही, ते कापसात गुरफटतं. त्याऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकचा ग्लास घ्या. शाई न लागलेला टिपकागद किंवा जाड कागदी रुमाल आतून भिंतीला गोल चिकटवून बसवा, मधल्या पोकळीत चुरगळलेला कागद भरा म्हणजे तो भिंतीला टेकून राहील. राजम्याचे दाणे रात्रभर भिजवा, आठ ते बारा तास. मुलांना भिजवलेला आणि कोरडा दाणा शेजारी ठेवून बघू द्या. भिजलेल्याचं साल सोलून दोन डाळिंब्या उघडल्या की आत चिमुकलं रोप दिसतं. मग तीन-चार दाणे ग्लास आणि कागद यांच्या मधे, ग्लासच्या निम्म्या उंचीवर सरकवायचे. तळाला बोटाच्या पेराइतकंच पाणी. कागद ते वर ओढून घेतो.

इथे घोटाळा होतो तो प्रेमापोटी. प्रत्येक मूल येता-जाता पाणी घालतं, दाणे बुडतात, त्यांना हवा मिळत नाही, ते कुजतात आणि वास सुटतो. उपाय सोपा आहे: पाणी घालण्यासाठी थेंबनळी किंवा लहान चमचा द्या आणि ग्लासवर ‘इथपर्यंतच’ अशी पट्टी चिकटवा. बुरशी धरलेला दाणा लगेच काढून टाका, ती शेजारच्यावर पसरते. काही दाणे रुजतच नाहीत, म्हणून प्रत्येक मुलाला तीन-चार द्यायचे आणि ताईंनी चार ग्लास जास्तीचे ठेवायचे. उबदार हवेत दोन ते चार दिवसांत मूळ बाहेर येतं, थंडीत जास्त वेळ लागतो. मूळ बोटभर झालं की एखादा ग्लास आडवा करून ठेवा. एक-दोन दिवसांत मूळ वळून पुन्हा खाली जायला लागतं आणि कोंब वर. सगळ्या उपक्रमांत मुलं इथे सर्वांत जास्त बोलतात. त्यांची वाक्यं जशीच्या तशी लिहून ग्लासखाली लावा. एक ग्लास अंधाऱ्या कपाटात ठेवला तर त्यातला कोंब लांब, फिकट आणि लुळा होतो. त्याला मेला असं म्हणू नका, पुन्हा उजेडात आणून पुढे काय होतं ते बघू द्या.

आता सुरक्षिततेचं. कच्चा राजमा विषारी असतो, तोंडात जाऊ देऊ नका. एरंड आणि गुंज यांच्या बिया वर्गात आणूच नयेत. पेरणीसाठी विकलं जाणारं रंग लावलेलं बियाणं नको, त्यावर औषध चोळलेलं असतं. आणि नाकात-कानात दाणे घालण्याचं हे वय आहे. आत गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो. म्हणून दाणे मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. मोजणीचा सरावही त्यातच होतो.

बालवाडीची कल्पना रुजवणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली. मुलांच्या बागेसाठी त्यांनी सुचवलेली रचना आजही उपयोगाची आहे: प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि जोडीला सगळ्यांचा मिळून एक. ग्लासांचंही तसंच करा. स्वतःच्या ग्लासात काही उगवलं नाही तरी सामाईक कुंडीत प्रत्येकाचा वाटा राहतो.

पानगळीत पानांचे ठसे घ्यायचे. पान नुकतंच पडलेलं, लवचीक हवं. कुरकुरीत वाळलेलं पान खडू दाबताच मोडतं. शिरा उठून दिसणारी बाजू वर ठेवा, वर पातळ कागद, कोपऱ्यांना चिकटपट्टी. मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा फिरवायचा. टोकाने रंगवलं तर ठसा उमटत नाही. पानांचे गट कसे पाडायचे हे मुलांना ठरवू द्या, ‘टोचणारी आणि न टोचणारी’ हे वर्गीकरणही चोख आहे. कण्हेर आणि रुई यांची पानं त्यात येऊ देऊ नका.

थंडीसाठी बर्फाचा प्रयोग. प्रश्न असा विचारा: ‘बर्फाला स्वेटर घातला तर तो लवकर वितळेल की उशिरा?’ बहुतेक मुलं ‘लवकर’ म्हणतात, कारण स्वेटर गरम असतो अशी त्यांची समजूत असते. हाताला उत्तर मिळेपर्यंत ही समजूत हलत नाही. एकाच साच्यातले दोन सारखे तुकडे घ्या, दोन्ही वेगवेगळ्या छोट्या प्लॅस्टिक पिशव्यांत बंद करा. एक लोकरीच्या कापडाच्या चार घड्यांत गुंडाळा, दुसरा ताटलीत उघडा ठेवा. पिशवी विसरलात तर वितळलेल्या पाण्याने लोकर भिजते, भिजलेली लोकर ऊब-थंडी नीट अडवत नाही आणि प्रयोग फसतो. वीस मिनिटांनी उघडून बघा. उत्सुकतेपोटी दर मिनिटाला उघडलं तर फरक पुसला जातो, म्हणून घड्याळावर वेळेची खूण करा. बर्फावर मीठ टाकून हाताळायला मात्र देऊ नका. त्याचं तापमान शून्याच्या खाली जातं आणि कोवळ्या त्वचेला इजा होते.

उन्हाळ्यात पानांनी भरलेल्या फांदीवर सकाळी पारदर्शक पिशवी घट्ट बांधा. ऊन चढल्यावर दोन-तीन तासांत आतून थेंब दिसतात. थेंब दिसले की पिशवी काढा, नाहीतर पानं आत उकडून निघतात. आणि भिंग दिलं असेल तर ते उन्हात विसरू नका, त्याने कागद पेटू शकतो.

शेवटचा उपक्रम वर्षभराचा. मोकळ्या जागी, दिवसभर ऊन येईल अशा ठिकाणी साधारण मुलाच्या उंचीची सरळ काठी कुंडीत घट्ट रोवा. तळाला रंगाने गोल करून ठेवा, म्हणजे कुंडी हलली तरी जागा सापडेल. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, दुपारी घड्याळात ठरवलेल्या एकाच वेळी सावलीच्या लांबीइतकी सुतळी कापायची. एकाने काठीपाशी धरायची, दुसऱ्याने सावलीच्या टोकापाशी ताणायची. ढिली सुतळी खोटं सांगते. सूर्याकडे बघायचं नाही, फक्त जमिनीकडे, हे दर वेळी सांगा. ढगाळ दिवस आला तर दोन-तीन दिवस थांबा, पण वेळ बदलू नका. सुतळीला महिन्याचं कार्ड बांधून सगळ्या सुतळ्या एकाच दांडीला ओळीने अडकवा. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रदेशात वर्षातून दोनदा सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा तिथे एखाद्या महिन्याची सुतळी अगदी आखूड निघेल. तिला गाठ मारून का होईना, पण ओळीत लावा. काठी मात्र वर्षभर तीच ठेवा. ती मोडली तर नवी आधी जुनीच्या उंचीला कापून घ्या.

नमस्कार.