रंगाचं काम देण्याआधी

मंडळी, रंगाच्या कॉन्ट्रॅक्टरबद्दल बोलायचं म्हटलं की समोरच्याला माझ्याकडून एक नाव आणि एक फोन नंबर हवा असतो. तो मी देणार नाही. माझ्याकडे झकास काम करून गेलेला माणूस तुमच्याकडे तसंच करेल याची हमी मी कशी घेऊ? होळीला, छटपूजेला त्याचे कारागीर गावी जातात आणि परत येतात ते कधीकधी दुसऱ्याच ठेकेदाराकडे. सोसायट्यांच्या दुरुस्तीच्या आणि रंगाच्या कामांवर देखरेख करण्यात माझी अख्खी नोकरी सरली. त्यातून जी पारख हाताला लागली, तेवढी सांगतो.

माणूस घर बघायला येतो ना, तेव्हा त्याची पहिली दहा मिनिटं नीट बघा. एक जण दारातच विचारतो, “फ्लॅट किती स्क्वेअर फुटांचा?” आणि मोबाईलवर गुणाकार करून आकडा सांगून मोकळा होतो. दुसरा आत येतो, भिंतीवरून तळवा फिरवतो, बोटाला भुकटी लागते का बघतो. दोन-तीन ठिकाणी मुठीने ठोकतो आणि बद्द, पोकळ आवाज आला की तिथे पेन्सिलने खूण करतो. मग विचारतो, “या भिंतीमागे बाथरूम आहे का? वर गच्ची आहे का? आधीचा रंग डिस्टेंपर की ऑइल पेंट?” या दुसऱ्याचं कोटेशन थोडं महाग आलं तरी त्याला आधी बसवून चहा पाजा.

हे प्रश्न उगाच नसतात. जुना डिस्टेंपर, म्हणजे पाण्यात कालवायचा स्वस्त रंग, भुकटी सोडत असेल तर तो खरवडून काढल्याशिवाय त्यावर कितीही महाग प्लास्टिक इमल्शन, म्हणजे पुसता येणारा भारी रंग मारा, वर्षभरात पोपडे धरतील. ऑइल पेंटच्या गुळगुळीत भिंतीवर पाण्याचा रंग धरत नाही, ती घासून खरबरीत करावी लागते. आणि ओल असेल तर मामला रंगाचा नाहीच, गळतीचा आहे. पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार, फुललेल्या भिंतीकडे बघून जो म्हणतो, “काळजी करू नका काका, वॉटरप्रूफ रंग मारतो, ओल दबून जाईल,” त्याला तिथूनच नमस्कार करावा. ओल दबत नाही, ती बाजूला सरकते.

शंका असेल तर घरीच करता येण्यासारखी एक तपासणी आहे. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर लावायचा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या आणि एक दिवस तसाच ठेवायचा. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे बारीक थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. तशा भिंतीला पुट्टी, म्हणजे भिंत सपाट करायचा पांढरा लेप, लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता माप. भांडणं होतात ती बहुतेक इथेच. फ्लॅटचा कार्पेट एरिया आणि रंगाचा एरिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारा बाय दहाची खोली घ्या, उंची दहा फूट. चारही भिंतींची मिळून लांबी चव्वेचाळीस फूट, म्हणजे भिंती ४४० चौरस फूट, वर छत १२०, एकूण ५६०. जमीन फक्त १२०! म्हणून कोणी “पर स्क्वेअर फूट” भाव सांगितला की पहिला प्रश्न हा की कशाचा स्क्वेअर फूट. दारं-खिडक्यांची वजावट कशी धरली तेही विचारा. सरकारी कामात मोजणीची ठरलेली रीत असते, छोट्या झरोक्याची वजावट करत नाहीत, मोठ्या खिडकीची करतात. घरगुती कामात ज्याची जीभ तिखट त्याची रीत चालते. तेव्हा टेप धरून दोघांनी मिळून मापं घ्यावीत आणि त्याच कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. नंतर “माप वाढलं” ही कथा ऐकायला नको. उक्तं, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून काम दिलंत तरी मापं घ्याच, म्हणजे तीन कोटेशनं एका पायावर तोलता येतील.

कोटेशनमध्ये “चांगल्या कंपनीचा रंग, दोन हात” एवढंच असेल तर त्याला काडीचा अर्थ नाही. एकाच कंपनीच्या इमल्शनमध्ये तीन-चार प्रती असतात आणि सगळ्यात खालच्या नि वरच्या प्रतीच्या भावात मोठं अंतर असतं. प्रॉडक्टचं पूर्ण नाव लिहून घ्या. खरवडणार का, भेगा कशाने भरणार, पुट्टीचे हात किती, प्रायमर (रंग धरावा म्हणून त्याआधी द्यायचा हात) कोणता, मग रंगाचे हात किती, हे वेगवेगळ्या ओळींत हवं. रंग सगळ्यांना दिसतो, म्हणून रंगात चोरी कमी. जास्त चोरी होते ती रंगाखाली.

सगळ्यात सोपी चोरी प्रायमरची. पुट्टी पांढरी, प्रायमर पांढरा, तुम्ही ऑफिसातून संध्याकाळी येता, तुम्हाला काय कळणार? कळतं. हात फिरवा. नुसत्या पुट्टीची पीठासारखी पूड तळव्याला लागते, प्रायमर नीट बसला असेल तर हात जवळपास स्वच्छ राहतो. ओल्या बोटाने एक थेंब लावा. पुट्टी तो लगेच पिते आणि तिथे काळपट डाग दिसतो, प्रायमरवर तो थोडा रेंगाळतो. पुट्टी घासून झाली की रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवर पुट्टी ओढायच्या पत्र्याचे ओरखडे आणि लाटा अशा उठून दिसतात की विचारू नका. त्या तेव्हाच दुरुस्त करून घ्यायच्या, रंगाचा पहिला हात लागल्यावर कोणी ऐकत नाही.

चोरीची दुसरी वाट पाण्याची. रंगात पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं आणि एका लिटरात किती चौरस फूट होतात तेही कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. मापं तुमच्याकडे आहेत, भागाकार करा, लिटर कळतील. डबे तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि शेवटचा हिशेब होईपर्यंत रिकामे डबे हलवू देऊ नका. सात डब्यांचं बिल आणि गॅलरीत पाच डबे असले की बोलणं आपोआप मुद्द्यावर येतं. जाता जाता एक गंमत. काही डब्यांत रंगाऱ्यासाठी टोकन असतं, हल्ली कोड स्कॅन करून त्याला पैसे किंवा पॉइंट मिळतात. यात बेकायदा काही नाही. पण एखादा रंगारी एकाच डब्याचा फारच आग्रह धरत असेल तर आग्रहाचं कारण तुमची भिंतच असेल असं नाही.

मटेरियल आपण आणावं की त्याच्यावर सोपवावं? माझं मत विचाराल तर एका फ्लॅटसाठी रंग आपण आणावा आणि मजुरी ठरवून द्यावी. एका भिंतीचा रंग एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्यावा आणि शेडचा नंबर झाकणावरून लिहून ठेवावा. दोन वर्षांनी खिळ्याचं भोक बुजवताना तोच नंबर लागतो. रंगाच्या कंपन्यांच्या स्वतःच्या रंगकाम सेवाही आहेत. तिथे माप आणि कोटेशन व्यवस्थित मिळतं, पण भिंतीवर हात चालवणारा शेवटी कोणीतरी कॉन्ट्रॅक्टरचाच माणूस असतो. त्यामुळे वर सांगितलेली तपासणी तिथेही सुटत नाही. वॉरंटीचा कागद मिळाला तर बारीक अक्षरं वाचा. ती फक्त रंगाच्या मालाची आहे की मजुरीचीही, आणि ओलीमुळे आलेले पोपडे त्यात धरलेत का.

जुनी कामं बघायला जाल तेव्हा गेल्या महिन्यातलं काम बघू नका. ते सगळ्यांचंच छान दिसतं. दोन पावसाळे काढलेलं काम दाखव म्हणावं. आणि त्या घरच्यांना विचारायचे दोनच प्रश्न: बिल ठरल्यापेक्षा किती वाढलं, आणि शेवटच्या दिवशी फरशीवरचे ठिपके कोणी घासले.

पैसे टप्प्याने. सुरुवातीला थोडी उचल, मग प्रायमर झाल्यावर, मग पहिल्या हातानंतर. आणि निदान दहा टक्के काम संपून आठवडाभर दिवसाउजेडी भिंती बघितल्यावर. निम्म्याहून जास्त आगाऊ मागणाऱ्याकडे बहुधा आधीच्या गिऱ्हाइकाचं काम अर्धवट पडलेलं असतं. भावात जीएसटी धरलाय की वर लागणार, हेही आधीच लिहून घ्या. अठरा टक्के ही काही सुटी रक्कम नव्हे.

घरात लहान मुलं असतील तर दारं, ग्रिल यांच्या जुन्या ऑइल पेंटकडे लक्ष द्या. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमपर्यंतच, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंतच असावं, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल सांगता येत नाही. तो कोरडा घासून धूळ उडवू देऊ नका. पाणी मारून घासायला सांगा, मुलांना त्या दिवशी मावशीकडे पाठवा आणि फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

सोसायटीच्या बाहेरच्या रंगाबद्दल एकच गोष्ट, पण ती सोडू नका. परांची किंवा झुल्यावर चढणाऱ्या प्रत्येक माणसाचा विमा आहे का? पॉलिसीची प्रत मागा आणि तारीख बघा. कायद्याने कामगाराच्या अपघाताची भरपाई त्याच्या मालकावर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरवर येते. पण त्याने विमाच काढला नसेल तर तो देणार कुठून? चौथ्या मजल्यावर बेल्ट न लावता लोंबकळणारा तो पोरगा कोणाचा तरी मुलगा आहे. कमिटीने काम थांबवायला कचरू नये, कॉन्ट्रॅक्टर रागावला तर रागावू दे.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, “गणपतीच्या आधी घर रंगवून घ्यावं का?” ताई, आपल्याकडे ठाण्यापासून खाली कोकणापर्यंत भर पावसात घर रंगवायची रीत आहे, आणि दसरा-दिवाळीला तर रंगारी हाताला लागत नाही. पण गणपतीला भिंती पाण्याने भरलेल्या असतात आणि दिवाळीलाही बाहेरच्या भिंती पुरत्या सुकलेल्या नसतात. त्यात रंगारी चार घरं एकदम धरतो आणि कुठल्याच घराला धड सुकायला वेळ देत नाही. बाहेरच्या भिंतींचं काम जानेवारीनंतर काढा, तेव्हा कारागीरही मिळतात आणि भावही बोलता येतो. गणपतीसाठी मखराच्या खोलीतली आतली कोरडी भिंत निवडा, तिला एक हात डिस्टेंपर मारून घ्या. बाहेरच्या बाजूची भिंत असेल तर तिच्यापुढे पडदा लावा.