रेंज गेली, दाद कुणाकडं मागायची?

[दृश्य: पुणे–बंगळूर महामार्ग, कागलच्या पुढे]

कागल मागं पडतं, दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळीचा टोलनाका येतो. एवढ्या अंतरात फोनचं सर्कल, म्हणजे सेवेसाठी आखलेला विभाग, बदललेलं असतं: महाराष्ट्र संपून कर्नाटक सुरू. उलट चंदगडहून तिलारी घाट उतरून गोव्यात गेलात, तर राज्य बदलतं पण सर्कल तेच राहतं. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच आहे, आणि मुंबई मात्र स्वतंत्र.

देशात अशी 22 सर्कल आहेत. कंपन्या लिलावात लहरी, म्हणजे स्पेक्ट्रम, घेतात ते सर्कलनुसार आणि सध्या 20 वर्षांसाठी. त्यामुळं कागलला एखाद्या कंपनीकडं लहरींचा जो पट्टा आहे, तो सीमेपलीकडच्या निपाणीत तिच्याकडं असेलच असं नाही. 900 मेगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतून आत शिरतो. 3300 मेगाहर्ट्झच्या फाइव्ह-जीला वेग भरपूर, पण दगडी भिंतीपलीकडं तो लगेच दमतो.

[दृश्य: जगाचा नकाशा, तीन रंगांत]

कुठला पट्टा कशासाठी वापरायचा, हे एकटी दिल्ली ठरवत नाही. लहरींना सीमा कळत नाही, म्हणून आधी जगाचं एकमत लागतं. 1865 साली पॅरिसला तारायंत्रासाठी स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू, आज जिनिव्हातून हे काम बघते. भारत 1869 पासून तिचा सदस्य आहे. संघटनेनं जगाचे तीन विभाग केलेत. आपण तिसऱ्यात. दर तीन-चार वर्षांनी जागतिक रेडिओ परिषद भरते, 2023 ची दुबईला झाली. तिथं ठरलेले पट्टे दूरसंचार विभाग राष्ट्रीय वारंवारता वाटप आराखड्यात उतरवतो. आपला +91 सुद्धा याच संघटनेच्या क्रमांक-योजनेतला. मात्र एखाद्या कंपनीला परवाना देणं किंवा दंड करणं आयटीयूच्या हातात नाही. ते काम ज्या त्या देशाचं.

आपल्याकडं पूर्वी दूरसंचार खातंच फोन द्यायचं आणि खातंच नियम करायचं. फेब्रुवारी 1997 मध्ये ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, आली. त्याच वर्षी जागतिक व्यापार संघटनेत मूलभूत दूरसंचार सेवांचा करार झाला. नियामक हा सेवा देणाऱ्यापासून वेगळा हवा, हे तत्त्व त्यात होतं. 2000 साली वाद सोडवायला टीडीसॅट हे न्यायाधिकरण झालं आणि 1 ऑक्टोबरला बीएसएनएल खात्यातून बाहेर पडली. 1885 च्या तार कायद्याची जागा आता दूरसंचार कायदा, 2023 घेतोय. जून 2024 पासून तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय.

[दृश्य: गगनबावडा, घाटमाथ्यावरचा टॉवर]

आता नियम कुठं कमी पडतो ते बघू. कॉल तुटण्याचं प्रमाण पूर्वी अख्ख्या सर्कलच्या सरासरीवर मोजलं जायचं. पुणे, नाशिकच्या आकड्यांत गगनबावडा बुडून जायचा. 2017 मध्ये ट्रायनं ही पद्धत बदलली: 90 टक्के सेलमध्ये (सेल म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाचं क्षेत्र), 90 टक्के दिवस, तुटलेले कॉल 2 टक्क्यांच्या आत हवेत, असं तेव्हा ठरलं. 2024 च्या नियमांत हे टक्के बदलले, पद्धत तीच राहिली. बदल चांगलाच आहे. पण उरलेले सेल वाड्यावस्त्यांवरचेच असले, तरी या कसोटीत कंपनी पास होते. शिवाय जिथं रेंजच नाही तिथं कॉल लागतच नाही, मग तो तुटल्याची नोंद कुठून होणार? म्हणून कंपन्यांनी आता आपापल्या वेबसाइटवर टाकलेले कव्हरेजचे नकाशे महत्त्वाचे. पोर्ट करण्याआधी आपलं गाव त्यात टू-जी आहे की फोर-जी, हे मोठं करून बघा.

2024 च्या नियमांनुसार जिल्ह्यातली सेवा चार तासांपेक्षा जास्त बंद पडली, तर कंपनीनं 24 तासांत ट्रायला कळवायचं. बंद 24 तासांपुढं गेलं, तर पोस्टपेडला भाड्यात सूट, प्रीपेडला वाढीव मुदत. पण नैसर्गिक आपत्तीत ही भरपाई लागू नाही. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की काय होतं, हे कोल्हापूरकरांना 2019 आणि 2021 नं दाखवलंय. वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते, जनरेटरला डिझेल पोचवायला रस्ता नसतो. नेमक्या त्या दिवसांत ग्राहकाच्या पदरी काहीच नाही, हे आम्हाला पटत नाही.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर डॉकेट नंबरचा मेसेज]

वैयक्तिक तक्रारीची पायरी मात्र नीट चढा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. थेट तिकडं अर्ज केला, तर तो कंपनीकडंच पाठवला जातो आणि मधले दिवस वाया जातात. पहिल्यांदा कंपनीच्या तक्रार केंद्राला, 198 वर, फोन. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. बहुतेकांची केस इथंच मोडते: ‘साहेब, बघतो’ एवढ्यावर समाधान मानतात आणि पुढं दाखवायला हातात काही राहत नाही. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर 30 दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडं जायचं. फी नाही. निकाल 39 दिवसांत लागला पाहिजे.

त्यानंतरही दाद मिळाली नाही, तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. टेलिफोनचे वाद तिथं चालत नाहीत, असं कंपन्या वर्षानुवर्षं सांगत. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. अर्जाला डॉकेट नंबरचा मेसेज, अपिलाची प्रत, बिल किंवा रिचार्जची पावती आणि रेंज गेल्याच्या तारखा-वेळा जोडा. तारखा त्या त्या दिवशीच लिहून ठेवलेल्या असाव्यात.