पूर्णेच्या खोऱ्यात पाणी आहे, पण खारं

(दृश्य : मे महिना. अकोट–दर्यापूर रस्ता. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेलं काळं रान.)

निवेदन :

काळी, भारी जमीन. भेगा अशा की हात कोपरापर्यंत आत जावा. कापूस, तूर, हरभरा पोसणारी ही माती. तरी पावसाळा सरला की पूर्णाकाठच्या शेतकऱ्याचे हात बांधले जातात. विहिरीत पाणी असतं, भर उन्हाळ्यातही असतं. पण ते पिववत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन बसते. गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल : 'पानी हाये, पन खारं हाये.'

हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर... यादी आणखी वाढते.

या पाण्याचा शोध सरकारी शास्त्रज्ञ अनेक वर्षं घेत आले आहेत. त्यांना काय सापडलं, हे ज्यांच्या शेताखाली ते सापडलं त्यांना सगळ्यात आधी कळायला हवं. त्यासाठी हा माहितीपट.

(दृश्य : उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ.)

उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग. मधला भाग खचलेला. डोंगराच्या पायथ्यालगत जमिनीच्या पोटात एक मोठा भ्रंश आहे, म्हणजे खडक जिथे तुटून सरकला ती रेषा. तळाशी आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला. त्या खचलेल्या भागात पूर्णेनं आणि तिला मिळणाऱ्या शहानूर, वान, मोर्णा, काटेपूर्णा या नद्यांनी गाळ आणून टाकला. हा गाळ काही ठिकाणी ३०० मीटरांहूनही खोल आहे.

बरेच जण म्हणतात, इथे पूर्वी समुद्र होता, म्हणून पाणी खारं. पण हे थर नद्यांनी रचलेले आहेत. खडक झिजताना त्यातून क्षार सुटतात. पाऊस भरपूर आणि निचरा चांगला असेल तर ते वाहून जातात. इथे दोन्हींची वानवा. कोरड्या हवामानात पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले, आणि चिकणमातीच्या जाड थरांनी त्यांना बाहेर पडायला वाट दिली नाही. हजारो वर्षं हेच चालत आलं.

(दृश्य : गावची विहीर. काठावर रंगवलेला क्रमांक. एक कर्मचारी फीत उलगडतो आहे.)

ही निरीक्षण विहीर. १९७२च्या दुष्काळाच्या वर्षी महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. अशा हजारो विहिरींची पातळी ही यंत्रणा वर्षातून चार वेळा मोजते. त्यांतल्या दोन मोजण्या कळीच्या : एक मेमध्ये, पावसाच्या आधीची, आणि एक पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमाराची.

काम दिसायला साधं आहे. काठावर एक खूण ठरलेली असते, फीत दर वेळी तिथूनच सोडायची. काठ कुठे उंच, कुठे सखल. जागा बदलली की आकडा बदलला. फीत पाण्याला टेकली की वाचन घ्यायचं, त्यातून काठाची जमिनीपासूनची उंची वजा करायची. मग नमुना. बाटली आधी त्याच पाण्यानं विसळून घ्यायची, नंतर भरायची, चिठ्ठी चिकटवायची. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज त्यातून सहज वाहते. त्यावरून जागेवरच अंदाज येतो, बाकी तपासणी प्रयोगशाळेत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी विहिरी याही मर्यादेत बसत नाहीत.

एका मोजणीतून फारसं काही कळत नाही. वर्षानुवर्षं त्याच खुणेवरून घेतलेली वाचनं एकाखाली एक मांडली, की पाऊस किती मुरला आणि उपसा किती वाढला ते दिसू लागतं. या कामाचा कुठे गाजावाजा होत नाही. पण भर उन्हात विहिरीवर वाकून आकडा लिहून घेणाऱ्या या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत, आणि ते बोलून दाखवायला हवेत.

(दृश्य : शेतात एका ओळीत ठोकलेले चार लोखंडी खुंटे, वायर, पेटी.)

विहीर नसेल तिथे जमिनीत वीज सोडून पाहतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून प्रवाह, आतल्या दोन खुंट्यांवर विजेच्या दाबाची मोजणी. खुंटे जसजसे लांब नेले जातात, तसतसा प्रवाह खोल जातो. कोरडा खडक विजेला अडवतो, खारं पाणी वाट देतं. अडचण अशी की ओली चिकणमातीसुद्धा वाट देते. दोघांतला फरक नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून केंद्रीय भूमिजल बोर्ड निवडक जागी बोअर खोदून थराथरांचे नमुने काढतं आणि मग दोन्ही जुळवून पाहिले जातात.

या सगळ्यातून शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट हाती आली. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. नदीकाठी, नाल्याकाठी पावसाचं मुरलेलं पाणी खाऱ्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसं, पातळ थरानं राहतं. उथळ विहिरीतून बेतानं उपसलं तर ते पुरतं. खोल बोअर मारून दिवसरात्र मोटर चालवली, की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं आणि चांगली विहीर बिघडते. पाणाड्या हातावर नारळ धरून इथे पाणी दाखवतो आणि ते लागतंही. गाळाच्या प्रदेशात ते लागणारच. ते कसं आहे, हे मात्र नारळ सांगत नाही. बोअरचा पैसा पाण्यात जातो तो असा.

उत्तरेकडच्या कडेला चित्र वेगळं आहे. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोटे आणि जाड वाळूचा पट्टा लागतो, त्याला भूशास्त्रज्ञ 'बझाडा' म्हणतात. डोंगरावरचा पाऊस तिथे झपाट्यानं मुरतो आणि पाणी गोडं लागतं. संत्र्याच्या आणि केळीच्या बागा त्यावरच उभ्या राहिल्या. उपसाही तसाच वाढला.

(दृश्य : चर खणलेली जमीन. मातीचा उभा छेद, त्यात चुनखडीचे पांढरे खडे.)

आता माती. मला स्वतःला या सगळ्या संशोधनातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यात असे खड्डे खणून माती थराथरानं तपासली. मातीच्या कणांना चिकटलेल्या क्षारांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, धरायची, असा जगभरचा संकेत. इथल्या मातीत तो वाटा ५ टक्क्यांच्या पुढे गेला तरी पाणी मुरणं मंदावतं, असं त्यांना आढळलं. छेदातले हे पांढरे खडे त्याचाच पुरावा. कोरड्या हवेत कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला पडतो आणि मातीच्या कणावर सोडियम ठाण मांडतो. मग कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, वर पाणी तुंबतं आणि खाली मुळं कोरडी राहतात. म्हणजे खाऱ्या पाण्याचा एक थेंब न देताही जमीन आपोआप बिघडत असते, आणि खारं पाणी दिलं तर बिघडण्याचा वेग वाढतो.

उपाय याच कारणमीमांसेतून निघाले. जिप्सम टाकायचं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. ताग, धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं मातीत गाडायची. सरी-वरंब्यावर पेरायचं, म्हणजे जादा पाणी निघून जातं. आणि शेततळं. ही चिकणमाती पाणी झिरपू देत नाही, हा तिचा दोष शेततळ्यात कामाला येतो. पावसाचं गोडं पाणी साठवून हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाळ्या देता येतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं या पद्धतींवर बरंच काम केलं आहे.

पिण्याचं पाणी मात्र दुरूनच आणावं लागतं. वान धरणावरची ८४ खेडी योजना अकोट भागात त्यासाठीच आली. नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहत भांडी मांडून बसणं अजून संपलेलं नाही.

(दृश्य : ग्रामपंचायतीची भिंत.)

गावागावांतून मोजलेले हे आकडे जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात असतात. ते याच भिंतीवर, रंगानं, मोठ्या अक्षरांत लिहिले जावेत : मेमध्ये पाणी किती मीटरवर, ऑक्टोबरमध्ये किती, क्षार किती, कोणत्या तारखेला मोजले. बोअरची गाडी बोलावण्याआधी शेतकऱ्यानं ते वाचावेत, आणि ग्रामसभेत कुणी तरी उठून विचारावं की यंदाची नोंद अजून का लिहिली नाही.