आधी चाला, मग उडा

नमस्कार, श्रोतेहो.

खड्डा आला की स्प्लेंडरवर आपण सीटवरून जरासं उठतो. कोणी शिकवलेलं नसतं. मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या, उंचवट्यांच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतीची, पहिली पायरी हीच! पाय फूटरेस्टवर, गुडघ्यांत टाकी घट्ट, कोपरं बाहेर, आणि नजर चाकाखाली नाही, पुढं. 2024 च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस लीग, म्हणजे स्टेडियममधली मोटोक्रॉस, झाली, तेव्हापासून पोरं मला एकच विचारतात, ‘उडी कशी मारायची?’ माझं उत्तर ठरलेलं. आधी ट्रॅकवर पायी चाला, मग चाक न उचलता जा, मग उडा.

हे मी कसं शिकलो ते सांगतो.

कोल्हापूरजवळचा एक माळ. मी बावीस वर्षांचा. सकाळी सगळे स्पर्धक ट्रॅकवरून पायी फिरत होते आणि मी गाडीला स्टिकर चिकटवत बसलो होतो. (स्टिकरांनी गाडी तसूभर जास्त पळत नाही. माझा मुलगा परवा दीड हजाराचे घेऊन आला. हेल्मेट मात्र काकाचं जुनं, पट्टा तुटलेलं. असो.)

हीट, म्हणजे फायनलच्या आधीची फेरी, सुरू झाली. तिसरी उडी टेबलटॉपची, म्हणजे चढ, वर सपाट, मग उतार. मी चढाला लागलो आणि समोरची माती काळी, ओली दिसली. माइकवाला ‘उडव, उडव!’ ओरडत होता. या निवेदकांना एकदा तरी गाडीवर बसवलं पाहिजे. मी घाबरलो आणि चढावरच थ्रॉटल सोडला. तिथं थ्रॉटल सोडला की गाडी नाक खाली घालते. माझीही घातली. पुढचं चाक उतारावर टेकलं तेव्हा मी हँडलवरून पलीकडे गेलो होतो.

पडलो तो उताराच्या पायथ्याशी. पायावर शंभरेक किलोची गाडी, बुटाला सायलेन्सरचा चटका, खांद्यातून कळा. आणि उंचवट्यापलीकडून इंजिनांचा आवाज जवळ येतोय. त्यांना मी दिसत नव्हतो. दिसत होतो एकाच माणसाला. पायात चपला घातलेला एक पोरगा, हातात पिवळं निशाण. तो ते जिवाच्या आकांतानं हलवत होता.

हलतं पिवळं निशाण म्हणजे ओव्हरटेक नाही, उडी नाही. मागचा गडी सांगलीचा, दुसऱ्या नंबरवर. त्यानं उडी सोडली, चाकं जमिनीला ठेवून वर आला, मला बघितलं आणि गाडी माझ्या अलीकडे आडवी लावून उभा राहिला. त्याची हीट तिथंच गेली. फायनलही गेली.

संध्याकाळी कॉलरबोन मोडून, हात गळ्यात अडकवून मी त्याला भेटायला गेलो. तो पाइपनं गाडी धूत होता. वर न बघताच म्हणाला, ‘पाण्याचा टँकर सकाळपासनं त्या चढाशीच उभा हाय. नळ गळतोय त्याचा. चालला असतास तर दिसलं असतं.’

वेळ थोडा उरलाय, म्हणून भरभर. सुरुवात टेबलटॉपवर करा, डबलवर, म्हणजे मध्ये खोलगट जागा असलेल्या दोन ढिगाऱ्यांवर, नको. टेबलटॉपवर कमी पडलात तर सपाटीवर आपटाल. डबलवर कमी पडलात तर समोरच्या ढिगाऱ्यावर. चढावर थ्रॉटल एकसारखा. हवेत पुढचं चाक फार वर गेलं तर मागचा ब्रेक, नाक खाली गेलं तर थ्रॉटल. हे ऐन वेळी सुचत नाही, छोट्या उडीवर शंभरदा करून ठेवावं लागतं. डकार या वाळवंटातल्या लांब रॅलीत 2024 साली रॅली 2 गट जिंकलेला केरळचा हरित नोआसुद्धा सुपरक्रॉसच्या मातीतूनच तिथं पोचलाय.

गुडघ्याचे गार्ड, छातीचं कवच, बूट, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरी पुन्हा सांगतो. आधी चाला. मग चाक न उचलता जा. आणि चालताना पाण्याचा टँकर कुठं उभा आहे, तेवढं बघून ठेवा. नमस्कार.