लूप हंटिंग करतोय? पीआयडीला हात लावायच्या आधी डेटा बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली परत तोच प्रश्न, "दादा, हिस्टोरियनचा डेटा एआयला दिला तर कुठला लूप बिघडलाय ते सांगेल ना?" सांगेल की, पण डेटा कुठला देणार ते आधी बोलू. (हिस्टोरियन म्हणजे प्लांटचे रीडिंग साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर.)

बेसिक पटकन उरकतो. लूप म्हणजे ट्रान्समीटर मोजतो, पीआयडी कंट्रोलर हिशोब करतो आणि वॉल्व्ह हलवतो, हे चक्र. हंटिंग म्हणजे ते स्थिर न होता वर-खाली झुलत राहणं. एसपी म्हणजे हवं ते, पीव्ही म्हणजे आहे ते, ओपी म्हणजे वॉल्व्हला दिलेली ऑर्डर. लूप किती वेळ ऑटोला असतो, म्हणजे ओपी कंट्रोलर स्वतः ठरवतो (मॅन्युअलला ऑपरेटर ठरवतो), ओपी किती वेळ शून्याला नाहीतर शंभरला चिकटलेला असतो, एवढं मोजलंत तरी खूप कळतं. याच्या पुढे हॅरिस इंडेक्स, 1989 चा, लूप शक्य तितक्या चांगल्या कंट्रोलच्या तुलनेत कसा चालतोय ते सांगणारा आकडा. तो रोजच्या डेटावरनंच निघतो, फक्त डेड टाइम, म्हणजे ओपी हलल्यावर पीव्ही हलायला लागेपर्यंतचा वेळ, माहीत पाहिजे.

आता मुद्द्याचं. हिस्टोरियन जागा वाचवायला डेटा कॉम्प्रेस करतो, म्हणजे मधले पॉइंट टाकून देतो आणि ट्रेंड काढताना सरळ रेघा जोडतो. आता चिकटणाऱ्या वॉल्व्हची खूण काय, तर फ्लो लूपमध्ये ओपी करवतीच्या दातांसारखा आणि पीव्ही चौकोनी. ही ओळख सगळी आकारावर आहे आणि तुम्ही आकारच पुसून टाकलेला डेटा बघताय.

बरं, कॉम्प्रेशन नाही पण सॅम्पल एक मिनिटाला आहे, तरी तेच. लूप 50 सेकंदाच्या सायकलने हलतोय आणि तुम्ही दर 60 सेकंदाला बघताय, तर ट्रेंडमध्ये 5 मिनिटांची संथ लाट दिसणार, जी प्लांटमध्ये कुठेच नाहीये! मग तुम्ही दिवसभर 5 मिनिटांनी काय हलतं ते शोधत फिरणार.

आणि तासाची ॲव्हरेज लावलेली एक्सेल शीट तर पाठवूच नका मला, प्लीज. पीव्ही वर-खाली हलत राहिला तरी ॲव्हरेज एसपीवरच येतं आणि मीटिंगमध्ये सगळं हिरवं दिसतं.

रोह्याकडच्या एका प्लांटमध्ये आम्ही रिबॉयलरचा (कॉलमच्या तळाला द्रव उकळवणारा हीटर) स्टीम फ्लो लूप तीनदा ट्यून केला होता. गेन, म्हणजे कंट्रोलर किती जोरात प्रतिसाद देतो ते, कमी केला की हंटिंग हळू व्हायचं पण थांबायचं नाही, आणि नाइट शिफ्टचा ऑपरेटर वैतागून लूप मॅन्युअलला टाकायचा, त्याची काही चूक नव्हती हो. शेवटी डीसीएसवरनं, म्हणजे प्लांटच्या कंट्रोल सिस्टीमवरनं, एक सेकंदाचा डेटा काढला तर ओपी करवत, पीव्ही चौकोन, अगदी स्वच्छ. इन्स्ट्रुमेंटच्या फिटर काकांनी वॉल्व्ह बघितला आणि म्हणाले, "लीकेज थांबवायला ग्लँड (वॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं सील) जास्तच आवळलाय." वॉल्व्ह अडकला की इंटिग्रल, म्हणजे पीआयडीमधला चूक साठवत जाणारा भाग, ओपी ढकलत राहतो, मग वॉल्व्ह एकदम उडी मारतो, आणि परत उलट्या बाजूने तेच. हे ट्यूनिंगने जात नाही.

तुम्हाला खात्री करायची असेल तर ऑपरेटरला विचारून, प्रोसेस शांत असताना लूप मॅन्युअलला घ्या आणि ओपी धरून ठेवा. हलणं थांबलं तर दोष याच लूपचा, म्हणजे वॉल्व्ह नाहीतर ट्यूनिंग. चालूच राहिलं तर बाहेरून येतंय. थांबलं असेल तर ओपी अर्धा अर्धा टक्का एकाच दिशेने सरकवा, पीव्ही कितव्या टक्क्याला हलतो ते लिहून ठेवा, मग उलट दिशेनेही करा. ते पाहून कळेल वॉल्व्ह किती अडकतोय.

एकाने विचारलंय, "सर, फ्लो लूपच्या पीआयडी व्हॅल्यू सांगा ना." अरे मित्रा, तुझा वॉल्व्ह, तुझी लाइन, तुझी ट्रान्समीटर रेंज मी इथे बसून कशी सांगू? आधी एक सेकंदाचा डेटा काढ, दोन तासांचा पुरे. आयटीवाले स्टोरेजचं कारण देतील, तर म्हणावं सगळे टॅग (प्रत्येक सिग्नलचं नाव) नकोत, हंटिंग करणाऱ्या दहा लूपचे पीव्ही, ओपी, एसपी आणि मोड द्या, आणि त्या टॅगचं कॉम्प्रेशन तेवढ्या वेळापुरतं बंद ठेवा.