मान डोलावण्याची सवय

(कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवणनसेला वीज देऊन ऐकवणारं यंत्र, बसवून घेणाऱ्या व्यक्ती आणि त्यांच्या घरच्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार. सुरुवातीलाच एक विनंती. मी बोलते आहे ते इथे पडद्यावर अक्षरांत उमटतंय. ते मध्येच अडकलं किंवा भलतंच काही उमटायला लागलं, तर हात वर करा. हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत बसू नका. मी अठरा वर्षं तेच केलंय, त्यामुळे डोलावणारी मान मला शेवटच्या रांगेतलीसुद्धा ओळखू येते.

शस्त्रक्रिया कशी होते ते डॉक्टरांनी मघाशी सांगितलं. कानामागे काप घेतात, हाड कोरून वाट काढतात, कातडीखाली यंत्र बसवतात आणि कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत, इलेक्ट्रोडची, म्हणजे वीज देणाऱ्या ठिपक्यांची, बारीक तार सरकवतात. स्विच ऑनचे, म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू करतानाचे, व्हिडिओही तुम्ही पाहिलेच असणार. बाळ दचकतं, मग हसतं, आणि आई रडते. मला बोलायचंय ते या दोन्हींच्या मधल्या दिवसांबद्दल. त्यांचे व्हिडिओ कोणी काढत नाही. काढून दिसणार काय? कानामागे टाके पडलेलं एक माणूस खिडकीपाशी बसलंय!

माझे ते दिवस अठ्ठावीस होते. कोणाला तीन आठवडे सांगतात, कोणाला चार, काही ठिकाणी हल्ली थोड्याच दिवसांत सुरू करतात. तेव्हा ‘त्यांचं आठव्या दिवशी झालं, माझं का नाही’ या हिशेबात पडू नका.

लगेच सुरू का करत नाहीत, हे मीही विचारलं होतं. आतलं यंत्र आणि आवाज टिपणारा बाहेरचा प्रोसेसर यांच्यामध्ये तार नसते. बाहेरच्या कॉईलमधून, म्हणजे डोक्याला चिकटणाऱ्या चकतीतून, रेडिओलहरी कातडीपलीकडे जातात आणि त्यांच्यातूनच आतल्या यंत्राला वीजही मिळते, आवाजाची माहितीही मिळते. कॉईल जागेवर राहते ती आतल्या आणि बाहेरच्या चुंबकांच्या ओढीवर. शस्त्रक्रियेनंतर कातडी सुजलेली असते. त्या जाडीपलीकडून चुंबक नीट धरत नाही, आणि जास्त ताकदीचा लावावा तर भरत आलेल्या जखमेवर तो दाबून बसतो. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत इलेक्ट्रोडभोवतीची परिस्थिती बदलत असते. विजेला होणारा अडथळा आज एक तर दहा दिवसांनी दुसरा, त्यामुळे घाईने केलेलं मॅपिंग, म्हणजे कुठल्या इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची ते ठरवणं, पुन्हा करावंच लागतं.

यंत्र चालतंय की नाही हे मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तपासतात. प्रत्येक इलेक्ट्रोड मोजतात, नसेला विजेचे बारीक ठोके देऊन तिचं उत्तर येतं का ते बघतात. माझ्या नसेने यंत्राला पहिलं उत्तर दिलं तेव्हा मी भूल घेऊन गाढ झोपले होते. हे मला नंतर कळलं आणि उगाचच राग आला. एवढी वर्षं वाट पाहिली, आणि पहिली भेट झाली ती मला वगळून.

पहिले तीन दिवस डोक्याला घट्ट पट्टी होती. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले, तर खोली डावीकडे चालायला लागली. तोल सांभाळणारा अवयव कॉक्लियाला अगदी चिकटून असतो, दोघांत द्रवही एकच खेळतो, तेव्हा एकाला हात लावला की दुसरा कुरकुरणारच. सगळ्यांना चक्कर येते असं नाही. मला सहा-सात दिवस आली. रात्री उठताना कुणाचा तरी हात धरायचे.

जिभेचं आणखी वेगळं प्रकरण. कुठलीही वस्तू तोंडात घातली की नाणं चोखल्यासारखी चव. चवीची एक बारीक नस मधल्या कानातून जाते आणि शस्त्रक्रियेची वाट तिच्या शेजारूनच असते. बहुतेकांचं हे हळूहळू जातं, माझं जायला अडीच महिने लागले. कानाची पाळी बधिर होती. केस विंचरताना फणी तिच्यावरून गेली, तर रबराच्या कानावरून गेल्यासारखं वाटायचं.

नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, जड उचलायचं नाही. नाकातला दाब एका नळीतून थेट मधल्या कानात पोचतो, म्हणून ही बंधनं. ती पाळणं सोपं होतं. जे अवघड गेलं ते मला कुठल्याही कागदावर सापडलं नाही: चष्मा. मला ओठ वाचायला चष्मा लागतो, आणि चष्म्याची काडी नेमकी टाक्यांवर बसते. शेवटी यांनी माझ्या जुन्या चष्म्याची उजवी काडी काढून टाकली आणि तिथे एक नाडी बांधून ती डोक्यावरून घेतली. मी कशी दिसत असेन ते सोडा. तुमच्यापैकी ज्यांना चष्मा आहे त्यांनी जुनी फ्रेम आत्ताच शोधून ठेवा. आजच्या भाषणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट कदाचित हीच असेल.

आता कानातले आवाज. पाचव्या रात्री उजव्या कानात घंटा, मग इंजिन, मग लांबवर कुणीतरी रियाज करतंय असं सुरू झालं. मी यांना उठवून सांगितलं, ‘अहो, यंत्र आपोआप सुरू झालं!’ तसं होत नाही. आतल्या यंत्रात बॅटरीच नसते, बाहेरची कॉईल लागत नाही तोवर ते नुसतं पडून असतं. ते आवाज माझ्या मेंदूचे होते. कानाकडून काही येईना, म्हणून तो स्वतःच काहीबाही रचत होता. शस्त्रक्रियेआधी त्या कानाला दार आपटल्याचा किंवा मोठ्या गाडीचा धडधडाट तरी कळायचा. नंतर तोही गेला. असं होऊ शकतं हे मला आधी सांगितलेलं होतं, मी सही केली होती, तरी सातव्या दिवशी दार आपटून बघितलं आणि रडले. डाव्या कानातल्या श्रवणयंत्रातून सूर यायचा, शब्द नाही. म्हणजे बोलणं असं काही उरलंच नव्हतं.

रिकामा वेळ भरपूर होता, म्हणून वाचत बसले. सुमारे 1800 साली व्होल्टाने, हो, बॅटरीवालाच, स्वतःच्या दोन्ही कानांत धातूच्या सळ्या घालून वीज सोडली. त्याला डोक्यात झटका बसला आणि काहीतरी घट्ट पातळ खदखदतंय असा आवाज आला. पुन्हा तो त्या वाटेला गेला नाही. 1957 मध्ये पॅरिसला ज्यूर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणनसेला वीज दिली, तर त्याला रातकिड्यांसारखं काही ऐकू आलं. मग ऑस्ट्रेलियातले ग्रॅम क्लार्क. कॉक्लियाला अडीच वेढे असतात, उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. एवढ्या वळणांतून तार न मोडता, आतल्या नाजूक गोष्टी न फाडता खोल कशी न्यायची, हे त्यांना सुटत नव्हतं. 1977 मध्ये सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर बसलेले असताना त्यांनी एका शंखात गवताची पात घालून पाहिली. टोकाला लवचिक आणि बुडाशी ताठ असलेली पात वळणं घेत आत शिरली. 1 ऑगस्ट 1978 रोजी त्यांनी मेलबर्नमध्ये रॉड सॉन्डर्स या, अपघातात ऐकू येणं गेलेल्या माणसाला आपलं पहिलं इम्प्लांट बसवलं. मी आरशात कानामागचे टाके बघायचे आणि मला ती पात आठवायची.

याच वाचनाने माझ्या अपेक्षा जरा ताळ्यावर आल्या. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे 15,000 केसपेशी असतात. माझ्या तारेवर इलेक्ट्रोड 22 आहेत. कंपनीप्रमाणे ते 12 असतात, 16 असतात. पंधरा हजारांचं काम बाविसांनी करायचं, तेव्हा पहिल्या दिवशी आईचा आवाज आईसारखाच येईल हे धरून बसू नये. घरच्यांनी तर नकोच.

आता मूळ मुद्द्याकडे येते, मानेकडे.

अकराव्या दिवशी टाके बघायला गेलो. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क, म्हणजे ओठ नाहीत. ते काहीतरी म्हणाले, भुवया वर गेल्या, मी हसून मान डोलावली. अठरा वर्षांचा सराव! समोरच्याचे डोळे प्रेमळ असले तर ‘हो’, चिंतेत असले तर ‘नाही नाही, ठीक आहे’. मी शाळेत शिकवायचे. पालकसभा या दोन हालचालींवर काढलेल्या आहेत. त्या दिवशी मात्र डॉक्टर एकदम पुढे झुकले. मला डोळे घट्ट मिटायला लावले, गाल फुगवायला, दात दाखवायला. मी सगळं केलं आणि मुलीकडे बघितलं. तिने वहीत लिहिलं: ‘चेहऱ्याची एक बाजू जड वाटते का विचारत होते. तू हो म्हणालीस.’

चेहरा हलवणारी नस शस्त्रक्रियेच्या वाटेवर अगदी जवळून जाते, म्हणून तो प्रश्न होता. माझा चेहरा चांगला होता. जड झाली होती ती लाज. हसलात ना? तेव्हा मलाही हसू आलं होतं, पण गाडीत बसल्यावर मनात आलं, आजवर कशाकशाला हो म्हटलंय मी?

घरी आल्यावर नियम केला. कळलं नाही तर मान स्थिर ठेवायची आणि वही पुढे करायची. वाटतं तितकं सोपं नाही हे. वही पुढे केली की समोरच्याचा चेहरा पडतो, ‘जाऊ दे, काही विशेष नाही’ म्हणून तो हात झटकतो. घरच्या मंडळींना एवढंच सांगते, ते ‘काही विशेष नाही’ म्हणू नका. विशेष नसलेलंही लिहा. आमच्याकडे पहिले दोन दिवस सगळ्यांना कंटाळा आला, मग वहीत भांडणंसुद्धा व्हायला लागली.

सोळाव्या का सतराव्या रात्री यांनी वही मागितली. एरवी तार पाठवल्यासारखं लिहिणारा माणूस, ‘औषध घे’, ‘पाऊस आला’. त्या रात्री पानभर लिहिलं. रात्री गाडी चालवताना त्यांना समोरचे दिवे फुटलेले, पसरलेले दिसतात. भीती वाटते. तरी मी म्हटलं की ते मला कुठे कुठे नेतात. मी लिहिलं, ‘मग आधी का नाही सांगितलंत?’ त्यांनी खाली लिहिलं, ‘चार वर्षांपूर्वी सांगितलं. तू हो हो म्हणालीस. मला वाटलं, तुला काही वाटत नाही.’

ती वही माझ्याकडे आहे. यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नंतर झालं.

थोडं कोरडं पण गरजेचं सांगून टाकते. ताप, मान आखडून येणारी डोकेदुखी, नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखं काही येणं, चेहरा एका बाजूला ओढला जाणं, जखम लाल होऊन फुगणं, यातलं काही झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मेंदूज्वराविरुद्धची लस घेतली आहे ना, ते आधीच विचारून ठेवा. इम्प्लांटचं कार्ड पाकिटात असू द्या, कारण पुढे कधी एमआरआयची वेळ आली तर आत चुंबक आहे हे तिथे आधी कळायला हवं.

अठ्ठाविसावा दिवस. खोलीत ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे यंत्र जुळवून देणाऱ्या श्रवणतज्ज्ञ बाई, हे आणि मुलगी. मुलीने मोबाईल धरलेला. आधी एकेक इलेक्ट्रोड घेऊन बारीक ठोके देतात, कधी कळतं, कधी त्रास होतो ते बोटांनी दाखवायचं. हे तासभर चाललं. मग सगळे एकदम सुरू केले. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसं काहीतरी माझ्या डोक्यात सांडलं. थांबलं. पुन्हा सांडलं. बघते तर समोरच्या बाईंचे ओठ त्याच तालात हलत होते. त्या काहीतरी विचारत होत्या. हे खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते, मुलीचे डोळे भरलेले, आणि तिघांना माझ्याकडून काय हवंय ते इतकं स्पष्ट दिसत होतं की माझी मान खाली यायला निघालीच होती.

मी ती धरून ठेवली. म्हटलं, ‘आवाज येतोय. शब्द नाही.’

बाईंनी संगणकावर काहीतरी बदललं आणि तेच पुन्हा विचारलं.

‘अजून नाही,’ मी म्हटलं.